वेळेचा रकाना

नाही नाही, पंखा राहू द्या बंद – नकाशा उडेल, आणि अख्खा देश माझ्या पलंगाखाली गेला तर तो काढायला माझी कंबर वाकत नाही. त्या कोपऱ्यावर साखरेचा डबा ठेवा, इकडे हे कुलूप ठेवतो, आणि मधल्या घडीवर – हात ओला असेल तर टेकू नका हं, लाल शाई पसरली तर जिथे रोग नाही तिथेही व्हायचा. हसा, हसा. एकतीस वर्षं आरोग्य खात्यात कारकुनी केली मी, तिथे हसायला बंदी नव्हती, फक्त हसण्याचा रकाना नव्हता, म्हणून कोणी हसत नसे. चहा घ्या. निवला असेल. ताईने केलाय, आलं जरा जास्त घालते ती.

हं, तर पुन्हा सांगा मला. गडद लाल म्हणजे हत्तीपाय भरपूर. फिका लाल म्हणजे थोडाफार. करडा म्हणजे तिथे अजून कोणी गेलेलंच नाही. आणि पांढरा म्हणजे गेलो, रक्त तपासलं, रोग नाही. बरोबर? छान. करड्याचं मला कौतुक वाटतं मॅडम, करड्याला निदान लाज आहे – तो म्हणतो, मला ठाऊक नाही बुवा. पण हा बघा. हा, माझ्या नखाखालचा. नदीपलीकडची चौदा गावं. चहूबाजूंनी लालभडक आणि मधे हा पांढराशुभ्र, धोब्याकडून आताच आणल्यासारखा! तुम्ही हा नकाशा काढलात, तुम्हाला नवल नाही वाटलं? डास काय नदीकाठी येऊन पाटी वाचतात – 'पुढे प्रवेश नाही' – आणि मुकाट्याने मागे फिरतात?

वाटलं होतं? मग? – हां, नियम. शून्य रुग्ण असलेल्या भागाला त्या वेळच्या नोंदी पाहणाऱ्या कोणाची तरी सही लागते, ती झाली की पांढरा कायमचा पांढरा, आणि पुढच्या महिन्यातल्या गोळ्यांच्या मोहिमेतून तो भाग वगळायचा. समजलं. साहेब वारले, रक्त घेणारा आमचा सुईवाला नोकरी सोडून कुठेतरी कोंबड्या पाळतो, आता उरलो मी. म्हणजे चौदा गावांनी गोळ्या खायच्या की नाही, हे या टेबलावर ठरणार, साखरेचा डबा आणि माझा चष्मा यांच्यामधे. एवढा अधिकार मला नोकरीत असता तर मी खिडकीला पडदा मागून घेतला असता.

हा आवाज होय? शिलाई मशीन. आतल्या खोलीत ताई शिवते, माझी मोठी बहीण. शाळेचे गणवेश घेतलेत शिवायला, बत्तीस नग, सगळे एकाच मापाचे, कारण मुलं वाढतात यावर शाळेचा विश्वास नाही. तुम्ही मोकळेपणी बोला, मशीन चालू असलं की तिला काही ऐकू जात नाही. एकट्या उजव्या पायाने रेटते, म्हणून तो आवाज असा – धड धड, मग थांबल्यासारखा, मग पुन्हा धड धड. मी म्हटलं हाताने फिरवायचं मशीन आणू, तर म्हणाली, एक पाय आहे ना अजून कामाचा, त्याला कशाला घरी बसवतोस? अशी आहे. चहा पडद्याआडून आला, तुम्हाला फक्त हात दिसला – मनावर घेऊ नका, ती कोणाच्याच समोर येत नाही. 

मी पत्रं पाठवली होती. तीन! तुमच्या नकाशा विभागाला, पोचपावतीसह. पोचली नाहीत? पोचली हो, पोचल्याचं उत्तर आलंय – थांबा, इथेच – ही घ्या. 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.' दुसरं – 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.' तिसऱ्याला बढती मिळाली – 'योग्य ती नोंद घेण्यात आली आहे.' ही भाषा मला शिकवू नका, मीच घडवलीय ती. समोरच्याला दारातून आत न घेता, पाणी न विचारता, हसतमुखाने घरी कसं पाठवायचं, त्याची ही भाषा. पण आपल्याच हातचं जेवण आपल्याला वाढलं गेलं ना, की कळतं मीठ किती कमी होतं ते.

काय लिहिलं होतं पत्रांत? लिहिलं होतं की या चौदा गावांची पाहणी पुन्हा करा. का, ते नीट लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं 'काही तांत्रिक कारणास्तव'. हो, हो, कळतंय मला, 'काही तांत्रिक कारणास्तव' वाचून कोणीही उठून नदी ओलांडणार नाही. मीही ओलांडली नसती.

तर ऐका. तुम्ही नकाशावाल्या, तुम्हाला रोगाची गोष्ट माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, पण मी माझ्या पद्धतीने सांगतो. हा हत्तीपायाचा किडा दिवसा झोपतो. म्हणजे त्याची पिल्लं – दिवसभर आत कुठेतरी फुप्फुसात दडी मारून बसतात आणि रात्री, डास चावायच्या वेळेला, बोटाच्या टोकापर्यंत फिरायला येतात. म्हणून रक्त घ्यायचं ते रात्री. नऊच्या पुढे. दिवसा घेतलं तर काचपट्टीवर काय दिसणार? स्वच्छ रक्त. तपासणारा सूक्ष्मदर्शकातून डोळे फुटेस्तोवर बघेल आणि लिहील 'नाही'. तो खोटं नाही बोलत. त्याला दिसलं नाही, तो लिहितो नाही. आता मला सांगा, सरकारी माणूस कामावर कधी असतो? साडेदहा ते साडेपाच. आणि किडा कामावर कधी असतो? रात्री नऊच्या पुढे. दोघांची आयुष्यात कधी गाठ पडायची?

इकडच्या गावांत पडली हो गाठ. इकडे रस्ता आहे, जीप आहे, सुईवाला रात्री जायचा, कंदील घेऊन, शिव्या खाऊन रक्त घेऊन यायचा. म्हणून इकडे लाल. पलीकडे जायला नाव. आणि नाव शेवटची साडेपाचला. नावाडी म्हणायचा, अंधारात मी माझ्या सासऱ्यालाही पलीकडे नेणार नाही – आणि सासऱ्याला तर तो न्यायला उत्सुक असायचा. तिकडे रात्री मुक्काम करावा, तर सुईवाल्याला झोपायला जागा नाही, मुक्कामाला परवानगी नाही, परवानगीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर, साहेब रजेवर. मग तो काय करणार? सकाळच्या नावेने गेला, शाळेच्या पडवीत बसला, दुपारपर्यंत रांग लावली, बोटं टोचली, साडेपाचच्या नावेने परत. सहा दिवस. सहाशे बारा काचपट्ट्या. आणि भला माणूस तो – प्रत्येक काचपट्टीसमोर वेळेच्या रकान्यात खरी वेळ लिहिली त्याने. सकाळी अकरा दहा. दुपारी बारा चाळीस. दुपारी दोन. पेन्सिलने, पण खरी.

झालं. तक्ते वर गेले, आठ दिवसांत परत. कडेला लाल शेरा – 'वेळेचा रकाना नियमानुसार नाही. दुरुस्त करून पाठवावे.' बघा मॅडम, शब्द बघा. 'पुन्हा रक्त घ्यावे' नाही म्हटलं. 'दुरुस्त करून पाठवावे.' साहेबांनी तक्ता माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं आहे. एवढंच. दुसरं काही बोलले नाहीत. त्या खात्यात मोठी माणसं नेहमी एवढंच बोलायची, उरलेलं वाक्य आपण घरी जाऊन पूर्ण करायचं.

काय म्हणालात? – काय सांगता! खरंच? नकाशाच्या समितीने या भागाच्या नोंदींना सगळ्यात वरचा दर्जा दिला? 'वेळेच्या नोंदी विशेष काटेकोर'? हे तुमच्या अहवालात छापलंय? दाखवा. दाखवा ना. चष्मा – हा. 'विशेष काटेकोर आणि विश्वासार्ह.' वा. वा! एकतीस वर्षांत माझ्या कामाचं लेखी कौतुक कोणी केलं नाही, आणि केलं ते या रकान्याचं.

अहो, काटेकोर असणारच. कोणी नवखा असता तर त्याने खालपर्यंत 'रात्री साडेनऊ, रात्री साडेनऊ' ओढलं असतं आणि पहिल्या पानावर पकडला गेला असता. एका माणसाला एक मिनिट लागतं का? म्हाताऱ्याला जास्त लागतं, रडक्या मुलाला त्याहून जास्त. नऊ दहा. नऊ तेरा. नऊ एकवीस – मधे कोणीतरी पाणी मागितलं असेल. दहा वाजता थोडी सुट्टी, दहा बारापासून पुन्हा सुरू. एका म्हाताऱ्यापुढे तर अकरा चाळीस टाकून शेऱ्यात लिहिलं, 'झोपेतून उठवले, कुरकुर केली.' त्या शेऱ्यावर तर समिती अगदी विरघळली असेल! सहाशे बारा वेळा, शाईने, तीन दिवसांत, एक खाडाखोड नाही. मी वाचणारा माणूस, घरात बघा, भिंत दिसत नाही पुस्तकांमुळे, पण लिहिलेली कादंबरी म्हणाल तर आयुष्यात ती एकच, आणि तुम्ही ती नकाशावर छापलीत.

हो. मी. मीच लिहिल्या.

अशा बघू नका. तुम्हाला वाटतंय, आता कळलं 'काही तांत्रिक कारण' कोणतं ते. बरं, कळलं. पण तेव्हा मला काय ठाऊक होतं? कारकुनाला काय, रकाना रिकामा नको, एवढं ठाऊक. रात्री घेतलं काय, दुपारी घेतलं काय, रक्त ते रक्त, असंच वाटणार ना कुणालाही? किडा रात्री येतो हे मला कुठून – 

पत्रक? हं. ते पत्रक सगळ्या कचेऱ्यांना गेलं होतं, खरं आहे. 'रक्त रात्रीच का घ्यावे.' दीड पान. तुमच्याकडे प्रत आहे? द्या बघू. – हा 'र' बघा, वर सरकलेला. माझ्या टंकलेखन यंत्राचा 'र' वर सरकायचा. मीच टंकलं होतं. पाहणीच्या दोन महिने आधी. टंकताना माणूस वाचत नाही असं म्हणतात, बोटं वाचतात म्हणे. मी वाचतो. मी पुडीचा कागदही वाचतो. दुसऱ्या परिच्छेदात एक शब्द चुकला होता तो मी सुधारला होता – हा – म्हणजे अर्थ कळल्याशिवाय का सुधारला? तेव्हा राहू द्या. ठाऊक होतं. ठाऊक होतं, आणि वाटलं, अधूनमधून पाहण्या होतच असतात, दोन वर्षांनी पुन्हा होईल, तेव्हा पूल झालेला असेल. पूल! नऊ वर्षं झाली. पुलाचे दोन खांब उभे आहेत, त्यांवर बगळे बसतात.

नाही, थांबा, ते पेन आत ठेवू नका. मी सही करत नाही म्हणालोच नाही, मी त्या मजकुराखाली सही करणार नाही. दुसरा कोरा कागद द्या. मी लिहून देतो ते तुम्ही न्या, आणि हा तुकडा पांढऱ्याचा करडा करा. लाल नको, लाल म्हणायला पुरावा कुठे आहे? करडा करा फक्त. करडा म्हणजे कोणी गेलेलं नाही, कोणी जा. रात्री जा. गोळ्यांच्या आधी जा. एवढंच मागतोय मी, तीन पत्रं झाली मागतोय.

लिहितो. 'नदीपलीकडील चौदा गावांच्या पाहणीतील वेळेच्या नोंदी प्रत्यक्ष रक्त घेतल्याच्या वेळेनुसार नाहीत. सबब सदर पाहणी ग्राह्य धरू नये.' घ्या. – कोणी केल्या म्हणजे? नोंदी कोणी केल्या ते लिहायची पद्धत नसते मॅडम. नोंदी होतात. धूळ बसते तशा. – समिती विचारेल? विचारू द्या. समितीला कळवा, 'योग्य ती नोंद घेण्यात आली आहे.'

अहो, माझ्या नावाने काय होणार? माणूस निवृत्त, काय वाकडं करणार माझं? भीती त्याची नाही हो. भीतीचं तुम्हाला नाही कळणार. – बरं, सांगतो. सांगितल्याशिवाय तुम्ही उठणार नाही असं तुमच्या बसण्यावरून दिसतंय.

काचपट्टी क्रमांक चारशे अठरा. तुमच्या तक्त्यात बघा, सापडेल. स्त्री, वय चोपन्न. नाव वाचू नका, मोठ्याने वाचू नका. वेळ बघा. रात्री नऊ सत्तेचाळीस. नऊ सत्तेचाळीसच आहे ना? तिचं रक्त घेतलं दुपारी दोनला. मला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मी तिच्या घरी होतो, तिच्या दिरांना काही कागद लिहून हवे होते म्हणून गेलो होतो. तिला महिन्याआड थंडी वाजून ताप यायचा, जांघेत गाठ यायची, डावा घोटा जड वाटायचा. मीच म्हटलं, अगं शाळेत आमचा माणूस आलाय, देऊन ये बोट. गेली. बोटाला कापूस धरून परत आली, म्हणाली, तुझ्या खात्याची सुई बोथट आहे. पंधरा दिवसांनी तक्ता माझ्यापुढे. चारशे सतरा, नऊ चव्वेचाळीस. चारशे अठरा – हात थांबला, मॅडम, देवाशपथ थांबला. मग लिहिलं. बाकीच्यांचं लिहिलं आणि हिचं नाही लिहिलं, तर तो पक्षपात झाला असता, असं काहीतरी मनाशी म्हणालो मी. माणूस स्वतःला काय पटवू शकतो याला मर्यादा नाही.

निकाल आला, 'नाही.' मीच सांगायला गेलो. ती तिकडच्या वैद्याकडे निघाली होती, इकडच्या मोठ्या दवाखान्यातही जायचं म्हणत होती, मी म्हटलं – म्हणजे तीच म्हणाली, सरकारी कागदावर नाही म्हटलंय ना? भाऊ खात्यात आहे, तो काय खोटं सांगेल? मी गप्प बसलो. मूग गिळून. तेव्हा गोळ्या मिळाल्या असत्या तर पाय एवढा – कदाचित. डॉक्टर म्हणतात कदाचित. डॉक्टरांचंही एक 'तांत्रिक कारणास्तव' असतं. पाच वर्षांत पाय उशीएवढा झाला. दिरांनी वेगळी चूल मांडून दिली, मग चूलही काढून घेतली. चार वर्षं झाली, इथे आहे. मी रोज सकाळी तिचा पाय धुतो, साबण लावून, बोटांच्या बेचक्यांत कोरडं पुसून, पाय वर ठेवून व्यायाम. शेजारी म्हणतात, भाऊ असावा तर असा. रोज म्हणतात! आणि ती काय म्हणते माहितीये? म्हणते, माझंच नशीब फुटकं, नाहीतर तुझ्या खात्याने वेळेवर तपासलं होतं रे, तेव्हा काही नव्हतं, हे मागाहून झालं. नऊ वर्षं ती माझ्या खात्याची बाजू घेऊन भांडते. दवाखान्यातल्या नर्सशी भांडली, म्हणाली, तपासणी चुकलेली नाही, माझा भाऊ होता तिथे! आणि मी तिथे उभा. पिशवी धरून. मी काय सांगू तिला – की तुझा पाय गेला तो किड्याने नाही, तुझ्या भावाच्या सुंदर अक्षराने –

काय? हळू? का हळू? सांगितलं ना मशीन चालू असलं की तिला –

केव्हापासून बंद आहे?

नाही, मला सांगा, तुम्ही ऐकत होतात ना, तुमचे कान तरुण आहेत – केव्हापासून बंद आहे मशीन? चारशे अठराच्या आधी की नंतर? पाय धुतो म्हणालो तेव्हा? सांगायचं नाही का मला? मी एवढा मोठ्याने – 

ताई? दोरा तुटला का गं?

ताई?

...

पडद्याखाली तिचे पाय दिसतायत. तिकडे पाठ आहे तुमची, वळू नका. वळू नका म्हणतो ना.

तो कागद इकडे द्या. द्या. 'वेळेच्या नोंदी प्रत्यक्ष' – हे सगळं राहू द्या, याच्याखाली लिहितो. 'सदर सहाशे बारा नोंदी मी केल्या. सत्य ठाऊक असताना केल्या. त्यांपैकी क्रमांक चारशे अठरा ही माझी सख्खी बहीण. सध्या डाव्या पायास हत्तीपाय.' सही. तारीख. वेळही लिहितो, थांबा – तुमच्या घड्याळात किती झाले? माझं पुढे आहे. – चार वाजून सतरा. दुपारचे. लिहिलं. 'दुपारचे' खाली रेघ मारतो.

हा घ्या पुरावा, आता करा लाल. नकाशा गुंडाळा. कुलूप इथेच राहू द्या, डबा मी उचलतो. जा तुम्ही. पलीकडे जाणारी नाव मिळेल तुम्हाला, साडेपाचची परतीची नाही मिळाली तर फारच चांगलं, रात्री तिथेच राहा आणि बोटं टोचा.

चप्पल बाहेर जाऊन घाला. दार ओढून घ्या.